बाबांनी दाखवलेली जागा

देवासहून आईचा फोन आला तेव्हा मी धारला शाळेत शिकवत होते. "संडासाचं पाणी तुंबलंय, अंगणात वर येतंय. तू येऊन जा," एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा होता, की मिस्त्री बोलावून भागलं नसतं का, हे मी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोचले तर फाटकातच वास आला. मिस्त्री पहार घेऊन उभा होता आणि बाबा काठीनं फरशीवर रेघ ओढत होते. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. अमझेऱ्यापासून सोनकच्छपर्यंत कितीतरी मोऱ्या, रस्ते त्यांच्या हातचे. हे घरही त्यांनीच समोर उभं राहून बांधून घेतलेलं. जमिनीखालचा पाइप कुठून जातो, ते त्यांनाच विचारायचं.

"यहाँ खोदो भिया. ज़्यादा गहरा नहीं है."

मिस्त्रीनं फरशी उचकटून गुडघाभर खणलं. नुसती काळी माती. "बाबूजी, यां तो कंई नी है."

बाबांनी बाजूला दुसरी रेघ ओढली. तिथंही काही निघेना, तसे ते चिडले. "अरे, न्हाणीच्या मागून निघतो आणि पेरूखालून वळतो! मी स्वतः टाकलाय!"

आमच्या अंगणात पेरू कधीच नव्हता. पेरू होता धारच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मी फ्रॉक घालत होते तेव्हा.

मी आईकडे पाहिलं. नाकाला पदर लावून ती भिंतीशी उभी होती. "दिवाळीपासून चाललंय," ती हळूच म्हणाली. "मागे एकदा हे भाजी आणायला गेले, तर यांना घरच सापडेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती."

मग तीच पुढे झाली. पाइप टाकताना मजुरांना चहा तिनंच दिला होता. "भैया, इधर. तुळशी के पास से सीधे फाटक तक," तिनं दाखवलं. तिथं पाइप सापडला. जुना, चिनी मातीचा, मधोमध फुटलेला, आत मुळांचा गच्च बोळा. मिस्त्रीनं फुटका भाग काढला, नवा पाइप बसवला, बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरसर निघून गेलं. बाबा पायरीवर बसले होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मिस्त्री हात धुवायला गेला तेव्हा ते उठले. फावडं घेऊन पहिल्या खड्ड्यात माती लोटू लागले. मी धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे. हे माझे आहेत." दोन्ही खड्डे त्यांनी एकट्यानं बुजवले. दम लागला की थांबायचे, पण आमच्यापैकी कुणाकडे बघायचे नाहीत. आई दारात उभी राहून रडत होती, आवाज न करता.

पुढच्या आठवड्यात त्यांना इंदूरला दाखवलं. आईला जे ठाऊक होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. आता दर शनिवारी मी धारहून बस धरते. गेल्या खेपेला दार बाबांनीच उघडलं आणि अदबीनं विचारलं, "आप किसके यहाँ से आई हैं?"