बिनवजनाचं जाकीट

मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं आणि आमची लेक नांदेडच्या घरात, कूलरसमोर, लोकरीची कानटोपी घालून बसली होती. टोपी बरोबर बसती का ते बघून राहिली म्हणे! समोर हॉलभर सामान पसरलेलं. पाय ठेवायला जागा न्हाई.

ती लातूरला बँकेत आहे. हिमालयातली कुठलीशी खिंड, पंधरा हजार फूट उंच, तिथं चालत जायचं तिनं मनावर घेतलं होतं. त्यासाठी सहा महिने बँकेचे जिने पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढली. रजेसाठी साहेबाच्या मागं लागून लागून बेजार झाली. पोरगी आमची जिद्दीची, त्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. माझं म्हणणं होतं ते त्या ट्रेकवाल्यांच्या यादीबद्दल. चार पानी यादी! लग्नाच्या बस्त्याला आम्ही एवढी यादी केली न्हाई. आणि वर दम दिलेला, की बॅग नऊ किलोच्या वर गेली तर चालणार न्हाई. म्हणून ही बाई भाजीवाल्याचा लटकता काटा घेऊन एकेक वस्तू तोलून राहिली. वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. मी डोळ्यांनी बघितलं. हिच्या आईनं पहाटे उठून केलेले धपाटे बाहेर काढले. शेंगदाण्याची चटणी तेवढी एक छोटी डबी ठेवली, ती पण उपकार केल्यासारखी.

इथपर्यंत मी गप्प होतो. मग तिनं ते जाकीट काढलं.

मैत्रिणीकडून मागून आणलेलं. जेवणाच्या डब्याएवढ्या पिशवीतून निघालं आणि फुस्सकन फुगलं. मी हातावर घेतलं तर हातावर काही हायच न्हाई.

आता मी कोण, हे सांगतो. एकतीस वर्षं माझं नांदेडात ब्लँकेट-रगांचं दुकान आहे. दिवाळी झाली की लोह्याचे, उमरीचे शेतकरी येतात. तळहातावर घडी ठेवतात, डोळे बारीक करतात, तोलतात. जड असली की घेतात. रात्रीला शेतात जागलीला जाणारा माणूस रंग बघत न्हाई, वजन बघतो. मीही तसंच तोलून माल भरतो. थंडी वाजली म्हणून माझ्या दुकानात एकही गिऱ्हाईक आजवर परत आलेलं न्हाई.

"ह्यात काय भरलंय, हवा?" मी म्हणालो.

"बदकाची पिसं, अण्णा. सगळ्यात गरम हेच असतं."

"पिसं! बर्फात जाऊन राहिली आन् अंगात पिसं घालून? काही दिमाग हाय का न्हाई?"

"अण्णा, तुमच्या दुकानातली थंडी वेगळी. तिथली वेगळी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एकतीस वर्षं मी ऊब विकतोय आणि कालची पोर मला थंडी शिकवून राहिली! एक तर ही एकटी चाललेली, त्यात अंगावर हे असं. पोर तिकडं काकडून मेली तर काय करायचं, ह्याचा विचार कुणीच करायला तयार न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी बॅग उघडली. तळातलं जाकीट काढून कपाटात टाकलं. त्या जागी माझ्या दुकानातला सगळ्यात जाड लोकरी स्वेटर दाबून बसवला. वरचं सामान होतं तसं रचलं.

स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली. तिनं बॅग पाठीवर घेतली आणि माझ्याकडं बघून हसली.

"जड लागतीय, अण्णा. चटणी घातली ना जास्तीची?"

"हाव," मी म्हणालो.

चार दिवसांनी पायथ्याच्या गावातून फोन आला. तिथं म्हणे सगळ्यांचं सामान ताडपत्रीवर मांडून तपासतात. जाकीट न्हाई तर वर सोडणार न्हाई. भाड्यानं द्यायची जाकिटं आधी वर गेलेल्या तुकडीनं नेलेली. मी म्हणालो, दे त्या तुकडीच्या पुढाऱ्याला फोन. चांगला झाडला त्याला. असा स्वेटर जन्मात बघितला का म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, वरच्या वाऱ्यात नुसती लोकर पुरत नाही. वारा आरपार येतो. मी जबाबदारी घेऊ शकत नाही." शांत माणसाचा मला लई राग येतो.

मग लेकीनं फोन घेतला.

"अण्णा, जाकीट कुठंय?"

"कपाटात."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. बाकीचे खिंडीत जाऊन आले, ही पाच दिवस पायथ्याला राहिली.

माझा राग काही केल्या जाईना. हिच्या आईवर ओरडलो, दुकानातल्या नोकरावर ओरडलो. शेवटी एका दुपारी दार लावून घेतलं, फ्रिजमधला सगळा बर्फ कूलरच्या पाण्यात ओतला, तो फुल केला आणि त्याच्या तोंडाशी बसलो. आधी तसलाच एक स्वेटर घालून. गाळणीतून पाणी यावं तसा वारा आत आला. मग ते जाकीट घातलं. वारा छातीवर आला आणि तिथंच थांबला. दुसऱ्या मिनिटाला मला घाम फुटला. तेवढ्यात लेकीची आई दार ढकलून आत आली. "अहो, काय करून राहिलात?" म्हणाली. जाकीट बघितलं आणि पुढं काही न विचारता कूलर बंद करून गेली. मेहेरबान्या असल्याच नको वाटतात मला. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

लेक परत आली तेव्हा भांडली न्हाई. स्वेटर धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिला. भांडायची मी किती तयारी करून ठेवली होती!

ह्या वर्षी ती पुन्हा त्याच खिंडीला निघाली. मी आदल्या रविवारीच हॉलमधल्या खुर्च्या हलवल्या, काटा पुसून ठेवला. ती आली ती थेट गाडीच्या वेळेला, लातूरहून, बॅग भरूनच. चहा उभ्यानं घेतला. स्टेशनवर मी बॅगेला हात घातला, तर ती म्हणाली, "राहू द्या अण्णा, मी घेते." तेव्हा मला दिसलं. बॅगेच्या चेनीला एवढंसं पितळी कुलूप होतं.

माझी नजर कुठं गेली ते तिनं बघितलं.

"गाडीत लई चोऱ्या होतात ना," ती घाईघाईनं म्हणाली, "म्हणून लावलंय."

"हाव," मी म्हणालो.