समुद्राचा धुरा

महाराष्ट्र राज्य झाल्यावर समुद्राचा ताबा घ्यायला निघालेला वऱ्हाडातला पहिला माणूस म्हणजे आमचे थोरले मामा, याबद्दल निदान पिंपळगाव राजात तरी दुमत नाही. नव्या राज्यात इतरांना मंत्री आणि झेंडावंदन दिसलं, मामांना वाटणी दिसली. वाटणी झाली की माणूस आधी आपला तुकडा बघून येतो, त्याचा धुरा, म्हणजे शेताची हद्द, नजरेखालून घालतो. मामांनी पारावर जाहीर केलं, "आता समुद्र आपल्याई राज्यात आला बे. आपला वाटा पाहून येऊ, नाई तं ते कोकनवाले सारा दाबून बसतीन!"

कापूस घरात आला आणि मामांनी एस.टी.ची खास गाडी ठरवली. टपावर सगळ्यांच्या वळकट्यांच्या आधी गोवऱ्यांची पोती चढली, कारण वऱ्हाडी माणूस गावाबाहेर जेवला तर गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगेच खाणार, आणि कोकणातल्या गोवरीवर मामांचा विश्वास नव्हता. कंडक्टर कपाळाला हात लावून बसला. समुद्र दिसल्यावर बायकांनी हात जोडले. मामा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लोनारच्या तळ्यापक्षा मोठा हाय. पन उठबस लय करते." एवढं बोलले खरे, पण माणूस त्या दिवसापासून समुद्राला जीव लावून बसला. पुढे आठ-आठ महिने ते घरात समुद्राखेरीज दुसरं बोलत नसत आणि मामी कानावर पदर घेऊन स्वयंपाक करीत.

मामांच्या पिशवीत पंचा, तंबाखूची डबी आणि खुरपं कायम असे. तण दिसलं की त्यांचा हात थांबत नसे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मुहूर्ताला वेळ होता, तर यांनी मांडवामागची सगळी जागा निंदून काढली आणि अक्षता टाकायला मातीच्या हातांनी आले. कोकणात आम्ही एका बाईंच्या नारळाच्या वाडीत उतरलो होतो; त्यांना सगळे ताई म्हणत. वाडीच्या पुढच्या अंगाला, वाळूवर, जांभळ्या फुलांची एक वेल दूरवर माजली होती. ताईंनी आपलं एवढं केलं, आपणही काहीतरी करावं, असं निघायच्या दिवशी मामांच्या मनात आलं. ताई बाजाराला गेल्या होत्या. मामांनी सगळ्यांना ओळीने बसवलं आणि जन्मभर कपाशी निंदलेल्या त्या हातांनी दुपारपर्यंत वाळू तळहातासारखी स्वच्छ करून टाकली. ताई परतल्या, वेलीचा ढीग पाहून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि पाहुण्यांना काय बोलणार म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक नारळ देऊन त्यांनी आम्हाला निरोप दिला. गाडीत मामांची छाती फुगली होती.

पुढच्या वर्षी गेलो तर वाडीची पुढची नारळांची ओळ आडवी पडलेली. अंगणात वाळू, विहिरीच्या काठावर वाळू. मामांनी विचारलं, "ताई, हे झाडं काऊन पडले?" ताईंनी खूप टाळलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "भाऊ, ती मर्यादवेल होती हो. तीच वाळू धरून ठेवते. वेल गेली, मग पावसाळ्यात समुद्र आत आला."

मामा पडलेल्या खोडावर बसले. शेजाऱ्याने नांगरताना धुरा जरासा कोरला म्हणून याच माणसाने बुलढाण्याच्या कोर्टात चपला झिजवल्या होत्या. "म्हंजे म्यां समुद्राचा धुरा खनला," ते म्हणाले, "अन् थ्या माउलीनं मले नारळ देल्लं." त्या दिवशी मामांनी रोडग्याला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. सकाळी मात्र सारी गाडी पुन्हा वाळूत ओळीने बसली होती. मामा शेजारच्या किनाऱ्यावरून वेलीच्या फांद्या मागून आणत होते आणि प्रत्येकाच्या मागे उभे राहून ओरडत होते, "खोल लाव बे, कपाशी नोये थे!"

त्यानंतर दर वर्षी फांदी लावल्याशिवाय कुणाला जेवण नव्हतं. वेलीने मूळ धरलं. पण आमची ख्याती ऐकून खामगावच्या गाड्या येऊ लागल्या, मग दुसरीकडच्या. चहाच्या टपऱ्या झाल्या, वाळूवर पत्रावळी उडू लागल्या, जिथे ताईंची माणसं जाळी वाळवत तिथे लोकांच्या मोटारी उभ्या राहू लागल्या. एके वर्षी वेलीवर चाकांचे पट्टे उमटलेले मामांनी पाहिले. घरी आल्यावर त्यांनी पारावर सांगून टाकलं, "आता गाडी जानार नाई. म्यां रस्ता दावला म्हनून हे लोकं गेले. समुद्र पाहून झाला, आता त्याले निवांत राहू द्या." गावाला वाटलं, म्हाताऱ्याचं वय झालं. खरं काय ते मामींना ठाऊक होतं; त्या दिवशी मामा ताटाला हात न लावता दोनदा नुसतं पाणी पिऊन उठले होते.

यंदा कामानिमित्त मी त्या बाजूला गेलो होतो. ताई आता थकल्या आहेत. त्यांच्या सुनेने मला अंगणापुढची हिरवी पट्टी दाखवली. नारळांची नवी ओळ माणसाच्या डोक्यावर गेली आहे. घरातली सगळी माणसं त्या पट्टीला 'भाऊंचा धुरा' म्हणतात, आणि मोटारी त्यावर येऊ नयेत म्हणून सुनेने कडेला दगड मांडले आहेत.

परत आल्यावर मामांना हे सांगितलं. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "थो समुद्र येते का वेलीपर्यंत?"

"येतो. अन् तिथून परत जातो."

"शहाना हाय," मामा म्हणाले. "धुरा ओळखते."

मग त्यांनी धोतर जरा वर घेतलं आणि दोन्ही पाय ओसरीच्या खाली सोडून बसले, लाट येणार असल्यासारखे.