संस्थापकांच्या मिशीवरचं गाव

कोळशाने गावे वसवली आणि माणसाच्या जिद्दीने ती अजिंक्य केली. माझ्या व्याख्यानाचं हे पहिलं वाक्य होतं. ते लिहिलं तेव्हा कोळशाशी माझा संबंध कोरेगाव स्टेशनात डोळ्यात गेलेल्या कणापुरता होता. आणि जिद्द म्हणाल, तर एप्रिलमध्ये नोकरीवरून कमी होऊन जूनमध्ये पुन्हा अर्ज करण्याची.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. कोरेगावच्या एका हायस्कुलात मी भूगोल शिकवत होतो, तात्पुरता. सुट्टीचा पगार वाचावा म्हणून संस्था आम्हा तात्पुरत्यांना उन्हाळ्यात मोकळं करी. असा मी तीनदा मोकळा झालो होतो आणि चौथ्यांदा होण्याची ताकद उरली नव्हती. त्या हिवाळ्यात संस्थेचे अध्यक्ष साखर कारखानदारांच्या शिष्टमंडळातून रशिया बघून आले. येताना त्यांनी एक जुनं रंगीत कॅलेंडर आणलं. त्यात बर्फातल्या एका खाणगावाचं चित्र होतं आणि खाली नाव: ग्रुमांत.

"मास्तर, ह्या गावावर तासभर बोला," ते म्हणाले. "लोकांस्नी कळू द्या, आमी कुठवर जाऊन आलो."

"आपण या गावाला गेला होता?"

"त्येच्या जरा अलीकडं. मॉस्कोत."

हे 'जरा अलीकडं' म्हणजे कोरेगावहून श्रीनगर गाठून वर पुष्कळ उरेल इतकं अंतर. पण हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "व्याख्यान नीट झालं तर तुम्हाला कायम करायचं त्यांच्या मनात आहे. रशियाला नावं ठेवू नका. आणि लांबवू नका."

मी सांगलीच्या वाचनालयात रविवार घालवले आणि मला, दुर्दैवाने, त्या गावाची गोडी लागली. गाव उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर; बेट नॉर्वेचं, खाण रशियाची. झाड एकही नाही. हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवतच नाही. गाव उभ्या कड्याखाली, जहाज लागायला जागा नाही, म्हणून कोळसा किनाऱ्याच्या कडेने छोट्या आगगाडीतून शेजारच्या खाडीत न्यायचा, आणि बर्फाने रूळ बुजू नयेत म्हणून त्या सबंध मार्गावर छप्पर. महायुद्धात गाव रिकामं केलं, नंतर पुन्हा बांधलं. खायचं-प्यायचं सगळं बोटीने यायचं. जे गाव केवळ एका वस्तूपायी उभं आहे, त्याचं ती वस्तू संपल्यावर काय होतं, यावर मी शेवटची दोन पानं लिहिली. मला बोलायचं होतं ते तेवढंच.

कार्यक्रमात अध्यक्षांचा सत्कार झाला. ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला. कॅलेंडरलाही हार घातला. अध्यक्ष विमानातल्या जेवणावर सविस्तर बोलले. माझ्या तासातली पंधरा मिनिटं उरली.

आणि नकाशा. त्याची वरची कड वाळवीने खाल्ली होती. तेवढी कापून उरलेला नकाशा पुन्हा दांडीला ठोकला होता. नॉर्वेच्या डोक्याला दांडी लागत होती आणि माझं बेट त्याच्याही वर, भिंतीवर. भिंतीवर तिथे संस्थापकांची तसबीर होती. "ग्रुमांत साधारण इथे," असं म्हणत मी छडी नेली, ती संस्थापकांच्या मिशीवर टेकली.

अध्यक्ष बसल्या जागेवरून म्हणाले, "मास्तर, छडी खाली घ्या."

"साहेब, अक्षांश तिथेच येतो."

"अक्षांश-बिक्षांश ऱ्हाऊ द्या. आदी छडी खाली."

मी छडी खाली घेतली. गाव कुठे आहे ते त्यानंतर कोणालाच कळलं नाही. झाडं नाहीत, असं मी सांगत होतो, तेवढ्यात मागून एक फेटेवाले म्हातारे उठले. ते दुष्काळी माण भागातले, मेंढरं विकायला बाजारला आले होते आणि सावलीला आत बसले होते.

"म्हंजी आमच्यागतच की."

"आवं, तुमच्याकडं बाभळ तरी हाय!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. म्हातारे हलले नाहीत.

"आमच्याकडं पाऊस न्हाई झाला तर पोरं म्हमईला जात्यात. पर घर हाय, माघारी येत्यात. ह्यांचा कोळसा सपला, मग ह्यांनी माघारी कुटं यायचं?"

अख्ख्या कार्यक्रमात एवढा एकच प्रश्न आला आणि तो माझ्या शेवटच्या दोन पानांचा होता. मी पान उलटलं. अध्यक्ष उभे राहिले.

"बाबा, रशियात काय बी सपत न्हाई," ते म्हणाले. "वेळेअभावी आपण आता आभाराकडं वळू."

आभार अर्धा तास चालले. म्हातारे मध्येच उठून मेंढरांकडे गेले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो, पण तेवढ्यात मला गुच्छ घ्यायला परत बोलावलं.

छडीमुळे नोकरी गेली असं धरून मी एप्रिलमध्ये ट्रंक भरली होती. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की मी कायम झालो. मी कारण विचारलं.

"अध्यक्ष खूष आहेत. म्हणाले, मास्तर वेळेत आटोपतो."

तेच व्याख्यान मला पुढे दरवर्षी द्यावं लागलं, पाहुणे बदलले तरी. शेवटच्या दोन पानांपर्यंत मी एकदाही पोचलो नाही. काही वर्षांनी एका मासिकात वाचलं की ग्रुमांतची खाण बंद करून माणसं केव्हाच हलवली होती. मी पहिल्यांदा छडी उचलली, तेव्हाही तिथे कोणी राहत नव्हतं.