शेजारणीची चिकटवही

इथे परदेशात, श्रूजबरीत, आमच्या शेजारी सुदानची एक बाई राहते. तिकडे यादवी युद्ध पेटलं आणि तिची आई गावातच अडकली. आमचा पेपर वाचून झाला की ती मागून न्यायची आणि सुदानची बातमी कापून चिकटवहीत लावायची. बातमी बहुधा आतल्या पानावर, चार-सहा ओळींची असायची.

काही महिन्यांनी आईचा इजिप्तहून फोन आला. ती सुखरूप पोचली होती. आम्ही दोघी रडलो. मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पुन्हा पेपर मागायला आली.

"आता कशाला?" मी विचारलं.

"आई सुटली. बाकीचं गाव अजून तिथेच आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून पेपर आला की मीच आधी तिच्या गावाची बातमी शोधते.