उत्तरेच्या काठाला, एका रविवारी

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी लातुरात एका खाजगी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होतो. क्लास फिजिक्सच्या सरांचा. देगलूर, हदगावकडची पोरं खोल्या करून राहायची आणि सर पहाटेपासून बॅचवर बॅच घ्यायचे. भूकंपात त्यांची धाकटी बहीण माळवदाच्या, मातीच्या छताखाली गाडली गेली होती. त्याबद्दल ते बोलत नसत.

त्या वर्षी त्यांनी हैदराबादहून एक जुनी मोटारबोट आणली आणि नांदेडच्या रस्त्याकडच्या धरणात सोडली. सुट्टीला ते मासे धरायला जात. एका रविवारी मलाही नेलं.

दुपारची वेळ. उत्तरेच्या काठाकाठाने आम्ही हळू चाललो होतो. बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे पाण्यावर आलेले. मोटार बंद करून, गळाला कणकेची गोळी लावून तासभर बसलो, पण एक मासा लागेना. काठावर एकही बगळा नव्हता. मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"सर, आज काही खरं नाही. परत फिरू."

"बसा हो. इथं बरं वाटतं. डोक्यावर छत न्हाई."

तेवढ्यात बोटीला खालून दणका बसला. खोडाला धडकलो म्हणून मी वाकून पाहिलं. खाली नुसतं पाणी. पुन्हा एक दणका, मग बारीक थरथर, तळव्यांपासून दातांपर्यंत. सगळ्या पाण्यावर काटा आला. काठावरच्या वस्तीतून बाया लेकरं कडेवर घेऊन ओरडत बाहेर पळाल्या.

"हालायलंय," सर अगदी हळू म्हणाले. त्यांनी मोटार चालू केली आणि बोट मधल्या खोल पाण्याकडे वळवली.

"सर, काठाला घ्या! माझी बायको, लेक तिसऱ्या मजल्यावर आहेत!"

"जमिनीवर जायचं न्हाई."

"सर!"

"धाकटीनं हाक मारली होती. मी उजाडेपर्यंत उकरत राहिलो. चुकीच्या खोलीत."

सुकाणूवरचा त्यांचा हात मी एकेक बोट करून सोडवला. त्यांनी सोडवू दिला. बोट चालवायची मला कुठली माहिती! काठाजवळ ती बाभळीत घुसली, तळ फाटला, आणि आम्ही गुडघाभर चिखलातून बाहेर आलो. सर तिथंच बसले.

"चला सर."

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी त्यांना तसंच टाकून रस्त्याकडे पळालो आणि एका ट्रकने लातूर गाठलं. आमची सगळी गल्ली बाहेर बसलेली. बायको रस्त्यावरच्या बाजेवर, लेक तिच्या मांडीवर झोपलेली. "कुठं होतात तुम्ही?" एवढंच तिने विचारलं. घराला फक्त एक भेग गेली होती.

सर चौथ्या दिवशी क्लासला आले, दाढी वाढलेली. राहिलेल्या गणितापासून शिकवायला लागले. त्या दिवशी त्यांना एकटं टाकून मी का आलो, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मला मात्र बरीच वर्षं वाटायचं, विचारावं त्यांनी.