चामड्याचा वायसर

आमच्या बुलढाण्याच्या घरात भांडी धुवायचं यंत्र होतं असं मी सांगितलं, की आजकालची माणसं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. म्हातारीला भ्रम झाला, एवढंच म्हणायचं बाकी ठेवतात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आमच्या घरात वीज नव्हती की नळ नव्हता, मग यंत्र कुठून येणार? पण ते होतं. विजेवरचं नव्हे, हातानं फिरवायचं. आणि त्याची सगळी देखभाल मी केलेली आहे, त्यामुळे या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

बाबा कचेरीत कारकून होते. एखादा गोरा अंमलदार बदलून जबलपूरकडे निघाला, की त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव व्हायचा आणि अर्धी कचेरी तिकडे लोटायची. बाबा एकदा वेताची खुर्ची आणायला गेले आणि हे धूड घेऊन आले. खुर्चीवर बऱ्याच जणांचा डोळा होता. याच्याकडे कुत्रंही बघत नव्हतं. चार पायांवर उभी जस्ती पत्र्याची टाकी, वर झाकण, आत तारेची जाळी, जाळीखाली लोखंडी पंखा, आणि बाहेरच्या अंगाला एक दांडा व पत्र्याच्या झाकणाखाली दोन दातेरी चाकं. भांडी जाळीत लावायची, कढत पाणी ओतायचं आणि दांडा फिरवायचा. पंखा पाणी भांड्यांवर उडवत राहतो. मग तळाची तोटी उघडून घाण पाणी सोडून द्यायचं, की काम झालं.

एरवी मायनं त्यात गवऱ्याच भरल्या असत्या. पण त्याच पावसाळ्यात आडाजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून ती घसरली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड बसवणाऱ्यानं बसवलं ते वाकडं बसलं. मूठ काही वळेना. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली, पण भांडी घासायला दोन हात लागतात. बाई ठेवणं कारकुनाच्या घरात जमण्यासारखं नव्हतं. मी बारा वर्षांची, मुलींच्या शाळेत जाणारी, घरातली एकुलती एक. बाबा वाईट नव्हते, पण "पोट्टी घरी राह्यली पायजे," असं दोनदा बोलून चुकले होते. दोन्ही वेळा मी पाटी उराशी धरून दाराआड उभी होते.

मायनं यंत्राभोवती एक चक्कर मारली. डाव्या हातानं दांडा धरला आणि दहा-बारा फेरे फिरवून पाहिले.

"हे मले जमते," ती म्हणाली. "पोरीले शाळेत जाऊ द्या."

"ठीक हाये. हे चालते तोवर जाऊ दे," बाबा म्हणाले.

म्हणजे आता ते बंद पडू द्यायचं नाही, एवढं मला त्याच क्षणी कळलं.

यंत्र करणाऱ्यानं सपाट बशांचा विचार केला होता. आमचे तांबे, वाट्या आणि काठाच्या थाळ्या त्या जाळीत काही केल्या नीट बसत नसत. पिठाची परात आणि पिठल्याची कढई तर त्यात जायचीच नाही. ती मी शाळेत जायच्या आधी घासून टाकायची. पण खरी भानगड राखेची होती. राखेशिवाय भांडं निघतं हे मायला ब्रह्मदेवानं सांगितलं असतं तरी पटलं नसतं. पहिल्याच दिवशी तिनं चुलीतली दोन ओंजळी राख आत टाकली. पाण्याचा चिखल झाला, तोटी तुंबली, आणि भांडी आत गेली होती त्यापेक्षा काळी होऊन बाहेर आली. आम्ही दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग पोट धरधरून हसलो. शेवटी तडजोड झाली: राख घालायची, पण एकच मूठ, आणि तीही जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळून. शिवाय सगळ्यांचं खरकटं एकाच पाण्यात फिरतं म्हणून माय नंतर प्रत्येक भांड्यावर चांगलं पाणी ओतायची, ते वेगळंच.

दर रविवारी मी यंत्र उघडायची. जाळीत अडकलेली शितं काढायची, तोटीत खराट्याची काडी घालायची, चाकांवरची राख पुसायची. सगळ्यात महत्त्वाचा होता चामड्याचा वायसर. दांड्याचा कणा टाकीच्या पोटात शिरतो तिथे तो बसवलेला होता. यंत्र रोज चाललं तर तो पाण्यानं मऊ राहतो; वर आठवड्याला थोडं एरंडेल लावलं की फुगून घट्ट बसतो आणि पाण्याचा थेंब बाहेर येत नाही. तोच वाळला तर आक्रसतो आणि चिरतो. अंगठ्यानं दाबून पाहिलं की लगेच कळतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा सगळं स्वयंपाकघर भिजलं तेव्हा मी शिकले.

असं करत मी सातवीपर्यंत पोहोचले. सातवीची परीक्षा पास झालं की अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाता येत होतं. बाबा त्यालाही कबूल होते. अट तीच, जुनी. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. रात्रीची भांडी माय सकाळी यंत्रात लावायची, आणि बाबा ओसरीवर दाढी करता करता त्याची घरघर ऐकायचे. अभ्यासापायी माझे दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी, परीक्षेला आठवडा असताना, मी झाकण उघडून वायसरवर अंगठा ठेवला. तो कोरडा ठाक होता. कडा वर वळल्या होत्या.

"माय, हे कधीपासून बंद हाये?"

ती चुलीपुढे होती. "बंद काऊन राहीन? सकाळी तं फिरवलं. तुह्या बाबानं आयकलं."

"वायसर वाळला हाये, माय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती पुरती शेकून काढली आणि मगच बोलली. "दात तुटले चाकाचे. आठ-दहा दिवस झाले. तू बोलू नोको. तुही परीक्षा होऊ दे."

बाबांना आवाज यावा म्हणून ती रोज सकाळी नुसताच दांडा फिरवत होती. तुटक्या दातांचं चाक घसरत होतं आणि खडखड उलट जास्तच होत होती. बाबा कचेरीत गेले की ती मोरीवर बसून, भांडं दोन पायांत धरून, डाव्या हातानं घासत होती. मी पंखा सोडवला तर त्याच्याखाली बोराच्या बीएवढा खडा निघाला; त्यावर पंखा अडूनच दात तुटले होते. तो खडा माझा होता. एका सकाळी शाळेच्या घाईत मीच राख न चाळता आत टाकली होती. माय ते ओळखून होती आणि तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दप्तरात चाक घालून मी बाजारातल्या मिस्त्रीचाचांकडे गेले. शिलाईची मशिनं दुरुस्त करणारे ते म्हातारे मुसलमान गृहस्थ. त्यांनी चाक उजेडात धरलं.

"बीड हाये हे, बेटी, ओतीव लोखंड. बीडाले झाळून जोडता येत नाई." माझा चेहरा पाहून ते घाईघाईनं म्हणाले, "अवं, रडू नोको. दुसरा इलाज हाये. दाताच्या जागी भोकं पाडतो, लोखंडाच्या मेखा आटे पाडून बसवतो, अन् कानशीनं घासून दात करतो. शुक्रवारी घेऊन जाय." मग चाकावर बोट फिरवून त्यांनी विचारलं, "राख टाकता काय यात?"

"हाव."

"मंग बरोबर हाये. राख म्हंजे कानसच की. रोज कानस फिरवली तं चाक काय करीन बिचारं?"

शुक्रवारपर्यंत यंत्राला चाकच नव्हतं, म्हणजे आवाजही नाही. पहाटे उठून आम्ही दोघी भांडी उरकत होतो. बुधवारी मी अभ्यासाच्या सुट्टीमुळे घरीच होते, तेव्हा बाबांनी अर्धी दाढी तशीच ठेवून आत डोकावलं. "आज यंत्राचा आवाज कसा नाई?"

मायनं मानही वर केली नाही. "पोरीनं तेल घातलं न चांगलं. मग कायले वाजते ते?"

"हे काम झालं!" बाबा खूश होऊन म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले. शुक्रवारी मेखांचं चाक बसवलं आणि यंत्र पुन्हा वाजायला लागलं, तेव्हा "तेल संपलं वाटते," असं तेच म्हणाले.

मी पास झाले. अमरावतीची दोन वर्षं झाली आणि वरवट बकालला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. गाव घाटाखाली, घरापासून लांब; दिवाळी आणि उन्हाळा सोडला तर येणं होत नसे. घरी आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी मी यंत्राकडे जायची आणि वायसरवर अंगठा दाबायची. तो मऊ आणि तेलकट लागायचा. माझ्या जिवावरचं ओझं उतरायचं.

"पाह्यलं का? झालं समाधान?" माय पदराआड हात घेऊन दारात उभी राहून हसायची. भांड्यांना बाई ठेव म्हटलं तर म्हणायची, "यंत्र असल्यावर बाई कायले?" बाबा तोवर पेन्शनीत निघाले होते आणि त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लई गुणाचं यंत्र. आवाज म्हून नाई त्याले."

नोकरीच्या तिसऱ्या दिवाळीला मी शेगावच्या एका चांभाराकडून नवा वायसर कापून आणला. जुना किती दिवस पुरणार, या विचारानं. तो बसवायचा तर कणा बाहेर ओढावा लागतो, आणि कणा ओढायचा तर आधी चाकं काढावी लागतात. चाकांवरचं पत्र्याचं झाकण मी अमरावतीला गेल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. दोन्ही चाकं गंजून एकमेकांत रुतली होती. मिस्त्रीचाचांच्या मेखांपैकी एकच उरली होती. आणि दातांच्या मधोमध कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, तेही जुनं, वाळून फुटलेलं. वायसर मात्र लोण्यासारखा मऊ होता.

मी तिथेच खाली बसले. "माय, हे कधी बंद पडलं?"

आता तिनं भाकरीचा आडोसा घेतला नाही. "तू अमरावतीले गेली त्याच साली."

"अन् वायसरले तेल?"

"दर रविवारी लावत होती. तू आली का पयले तेच पाह्यतेस. वाळला दिसला असता तं तू नौकरी सोडून आली असती."

आले असतेच. ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला भयंकर राग आला, तिचा आणि त्याहून माझा. इतकी वर्षं घरी येऊन मी चामड्याचा तुकडा दाबून पाहत होते. मी उठले आणि तिचा डावा हात पदरातून ओढून बाहेर काढला. ती नको नको म्हणत होती. पहिल्यांदाच मी त्यावर अंगठा ठेवला. तळवा राखेनं खाऊन टाकला होता, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि तो कोरडा ठाक होता.

एरंडेलाची बाटली यंत्राच्या पायाशीच होती.