हेडफोन एकच होता

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. मागच्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, पांढुर्ण्यात, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. वेळ इतकी नेमकी सांगतो, कारण ती कॉम्प्युटरमधल्या फाइलवर आहे. मी आंदोलनाचं पत्रक लिहितो तेव्हा अशा जागी कुठल्या तरी साहेबाचा हुद्दा येतो. इथे नातं येतं. अन्याय करणारा तिचा भाचा, म्हणजे मी.

आत्या रामाकोन्याची. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. वेचताना बाया गाणी म्हणायच्या, त्यातली पुढे म्हणणारी ही. काही गाणी तिच्या आईची, काही ओळी तिने स्वतः जोडलेल्या. मागून म्हणणाऱ्या बाया एकेक करून गेल्या, कोणी सौसरला लेकाकडे, कोणी कायमच्या. गाणी तिच्या एकटीच्या गळ्यात उरली. बुद्धविहारातल्या कार्यक्रमात तिला कधी कोणी माइक दिला नाही. ही कामाची गाणी आहेत, कार्यक्रमाची नाहीत, असं आमच्याच शिकलेल्या लोकांचं म्हणणं. या गोष्टीवर मी फार चिडायचो. भाषण करायचो. म्हणूनच ठरवलं की आत्याचा आवाज मी ठेवणार.

त्या खोलीत आधी जुनं सामान पडलेलं असायचं. मी ते काढलं, भिंतींना वाकळी लटकवल्या, दोन माइक आणले आणि एक छोटी डबी. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइकची तार डबीत जाते आणि तिथून आवाजाला दोन वाटा फुटतात. एक सरळ हेडफोनमध्ये, म्हणजे आवाज लगेच कानाला कळतो. दुसरी कॉम्प्युटरमध्ये, तिथे तो साठतो. डबीला माइकची दोन भोकं. कुठल्या भोकाचा आवाज साठवायचा, ते कॉम्प्युटरला आपण सांगायचं असतं.

आदल्या दिवशी बाबांनी ढोलकी वाजवली होती, नुसती तपासणीला. ती दुसऱ्या भोकावर होती. रविवारी बाबा नळाच्या ड्यूटीवर गेले. ते नगरपालिकेत व्हॉल्व फिरवतात. ढोलकीचा माइक माझ्या स्टुलाजवळ खाली तसाच राहिला.

आत्या वेचणीचा खाडा पाडून, सौसरला बस बदलून आली. खोलीत शिरल्या शिरल्या भिंतीकडे पाहत उभी राहिली.

"हे काय करून ठेवलं बाप्पा? भिंतीले थंडी वाजून राहिली का?"

"आवाज घुमू नये म्हणून, आत्या."

"अन माणसाले पांघराले काय ठेवलं मंग?"

तिला पहिल्या माइकसमोर बसवलं. मी हेडफोन चढवला. तिने हात पुढे केला.

"मले नाही देत का ते कानाले?"

"एकच आहे ना. अन तुले कायले पाहिजे? तू तं गाऊन राहिली."

"हो रे बाबू. वेचणारीच्या अंगावर कापूस कुठं दिसते."

मी हसलो. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

ती गायली. कानात तिचा आवाज इतका जवळ होता की श्वास घेतानाची बारीक शिट्टीही ऐकू येत होती. कॉम्प्युटरवर हिरवी पट्टी नाचत होती. एका गाण्यातल्या या दोन ओळी मला तेवढ्या पाठ आहेत:

वेचता वेचता बाई, ओटी भरली कापसानं
लेक शायेत गेली माही, पाटी पुसली पदरानं

दोन गाणी झाल्यावर ती म्हणाली, "आता मले आयकव."

"शेवटी आयकवतो, सगळं एकदम."

ती पुन्हा गायला लागली. सगळी मिळून सात गाणी झाली. मग तिच्या बसची वेळ झाली, मला संध्याकाळी सावरगावला बैठक होती. "पुढच्या बारीले आयकवजो," म्हणाली आणि चपला घातल्या.

माझी चूक कुठली होती ते नीट सांगतो. कॉलेजपासून मी सभेचं लाउडस्पीकर मशीन सांभाळतो. आमच्याकडे तपासणी म्हणजे माइकवर हॅलो हॅलो म्हणायचं आणि जाम नदीच्या पुलापलीकडे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने हात वर करायचा. आवाज निघाला की काम झालं. सभेत आवाज पोहोचवायचा असतो, ठेवायचा नसतो. ती सवय घेऊन मी त्या खोलीत बसलो. कानाला ऐकू आलं, म्हणजे झालं.

दोन दिवसांनी फाइल लावली. आधी आला माझा आवाज. भला मोठा, सभेतला. "आत्या, माइकजवळ ये." मग पंखा. मग घरात कुठेतरी कुकर. आणि त्या सगळ्याच्या मागे, वावराच्या दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावरून यावी तशी, आत्या. कॉम्प्युटर आदल्या दिवसासारखा दुसऱ्या भोकालाच कान लावून बसला होता. ढोलकीच्या माइकला. पट्टी नाचत होती ती माझ्या आवाजावर आणि पंख्यावर. तिचा जवळचा आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये आला आणि तिथेच संपला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाइपात पाणी वाजते मनून घरात येत नाही. व्हॉल्व कोणता खोलला ते पाहा लागते ना." त्यांना राग नव्हता. मला आला, स्वतःचाच, आणि त्या रागातही मी खोटं बोललो. आत्याचा फोन आला तेव्हा म्हणालो, "भारी झालं."

"मंग आयकव ना मले."

"येतो पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार आमच्या आंदोलनाचा होता. त्यापुढचा पत्रकं वाटण्याचा. बोरगावात दारोदार फिरून मी लोकांना सांगत होतो की ज्यांचं ऐकलं जात नाही त्यांचं आम्ही ऐकतो. होळीच्या आधी आत्याला लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तिला समजतं सगळं. बोलता येत नाही.

मी रामाकोन्याला गेलो, लॅपटॉप आणि तो एकुलता एक हेडफोन घेऊन. ती अंगणात खाटेवर होती. खरं काय ते सगळं सांगितलं. तिने डाव्या हाताने हेडफोनकडे खूण केली. मी तो तिच्या कानांवर बसवला आणि फाइल लावली. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने कपाळाला आठी पडली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. मी तर गप्पच होतो. मग कळलं, ती त्या फाइलमधल्या मला गप्प करत होती.

नंतर ती खाटेच्या लाकडावर बोटांनी ताल धरत राहिली. एका जागी तिचे ओठ हलले. बहुतेक कुकरच्या शिट्टीखाली दबलेली ओळ. मी वाकून पाहिलं, ओळ कळली नाही. फाइल संपली, तिने पुन्हा लाव म्हणून खूण केली. लावली. ओठ पुन्हा हलले. पुन्हा नाही कळली.

ती ओळ मी एकदा स्वच्छ ऐकली आहे. त्या दुपारी, या कानांनी. आता आठवत नाही. फाइलमध्ये बाकीच्या गाण्यांची चाल तरी लागते, त्या ओळीचं काहीच लागत नाही. वाकळी अजून भिंतीवर आहेत, पहिला माइक तिच्या बसण्याच्या उंचीवरच आहे. मी तो हलवत नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, वावरात जी गाते, तिला या आठवड्यात बसवा. स्टुडिओ नको, मोबाइल चालेल. एक ओळ रेकॉर्ड करा आणि थांबा. हेडफोन आपल्या कानाचा काढून तिच्या कानाला लावा. ती म्हणेल, हो, हा माझा आवाज. ते ऐकल्याशिवाय दुसऱ्या ओळीला हात लावू नका, आणि तिला उठू देऊ नका.